झाडाची तिसरी मूठ

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? घमघमणाऱ्यावर, की घाण मारणाऱ्यावर? नाकं मुरडू नका, बरं का. आधी ऐका.

एकदा काय झालं, दूर आफ्रिकेत, इग्बो लोकांच्या गावात उगोये नावाची बाई होती. तिच्या मुलाची, चिमेझीची सोयरीक शेजारच्या योरुबा लोकांतल्या मोरेनिकेशी जुळत आली होती. मुलीचे वडील आडिगुन घर बघायला निघाले. पोटभर जेवले तर होकार, नाहीतर आल्या वाटेनं परत. आणि उगोयेच्या घरात त्याच दिवशी दाणा नाही!

मग ती दारच्या उक्वाच्या झाडापाशी गेली. उक्वा म्हणजे आपल्या नीरफणसाचा थोरला भाऊ. फळ घागरीएवढं. कुणी तोडत नाही, पुरतं भरलं की आपणच धप्पकन पडतं. त्याच्याखाली डुलकी काढेल तो कसला शहाणा!

झाड म्हणालं, "खाली तीन फळं पडलीत, ने. पण बियांची दर तिसरी मूठ माझी. मुळाशी पेर."

पहिलं फळ हिरवंगार. बिया चिकात घट्ट रुतलेल्या. दुसरं गोड वासाचं. तेच रडगाणं. तिसरं सडून काळं पडलेलं, वर माश्यांची जत्रा! नाकाला फडकं बांधून उगोयेनं ते ओढ्यात धुतलं, तर बिया मोत्यांसारख्या घरंगळल्या.

"झाडाकडे कुठे पाहुणे येतात?" असं म्हणून तिनं सगळ्या हंड्यात ओतल्या.

एवढ्यात आडिगुन आले. "बाई, अंगणात काय मेलंय हो?"

"मेलं नाही, व्याहीबुवा, शिजतंय!"

"थांबा, व्याही व्हायचोय अजून."

बी काही शिजेना. मग तिनं जाळ वाढवला. बी टणक. मग राखेचं पाणी घातलं, तिकडची जुनी युक्ती. बी टणकच. आडिगुननी झोळी खांद्याला लावली. "निघावं म्हणतो."

तेव्हा कुठे उगोयेला झाडाची तिसरी मूठ आठवली. मग तिनं पळी घेतली. दोन मुठी हंड्याला, तिसरी झाडाला. मुळाशी ओतत म्हणाली, "झाडोबा, तुझं तुला."

आणि काय नवल! उकळलेल्या बीला कोंब फुटला, आणि इकडे हंड्यात बी लोण्यासारखी मऊ! वर सुकी मासळी, पामचं लालभडक तेल, शेवटी मीठ.

आडिगुन बोटं चाटत म्हणाले, "आमच्याकडे याला आफोन म्हणतात. पण विहीणबाई, ही चव! आणखी वाढा."

ऐकलंत? विहीणबाई म्हणाले! लग्न झालं, सगळी सुखात नांदली, आणि दारात नवं झाड वाढलं.

चला, मिटा डोळे. आणि सोन्यांनो, उद्या काही वाटाल, तेव्हा पंगतीत नसलेल्याच्या वाट्याचाही हिशेब चोख ठेवा हं.