होडीतल्या बाईनं वर का पाहिलं

“त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस?” गुरव सरांनी विचारलं.

“मंगळवार होता, सर,” उत्तरा म्हणाली.

“वार नाही विचारला.”

“चहा. आणि दोन बटर. उजनीच्या पाण्याकाठी टपरी आहे, तिथं. त्यातलं एक इम्तियाजनं खाल्लं.”

“अर्धं,” मागून इम्तियाज म्हणाला.

“पुढं.”

“साडेसहाला होडीत बसलो. थंडी होती, धुकं होतं. फोनला रेंज येत-जात होती. नेहमीसारखीच सकाळ होती…”

ती थांबली. सरांनी घाई केली नाही.

देवरुखला गुरव सरांच्या पडवीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ही बैठक भरे. सर शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावातली फोटो काढणारी, चित्रं काढणारी, पाठीवर पिशवी टाकून भटकून येणारी पोरं त्यांच्याकडे जमत. कोणी कुठूनही आलेलं असो, एकच फोटो किंवा एकच चित्र आणायचं आणि ते चटईवर पालथं ठेवायचं. आधी चौकटीबाहेर काय काय होतं ते सांगायचं, मगच सुलटं करायचं.

“आत काय आहे ते आम्हाला दिसेलच की,” असं सर म्हणत.

हा नियम भल्याभल्यांची तारांबळ उडवी. उत्तराची कधी उडाली नव्हती. ती त्यांच्यातली सगळ्यात तयारीची, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. क्षण म्हणून तिच्या हातून निसटायचा नाही. “तू पेनचं टोपण काढेस्तोवर पक्षी गावाला पोचतो,” असं ती पेननं चित्रं काढणाऱ्या इम्तियाजला येता-जाता ऐकवायची.

आज मात्र तिच्या फोटोशेजारी कॅमेऱ्याची बॅगही होती. ती कशाला आणली, हे कुणाला कळलं नव्हतं.

“फोन आला,” ती म्हणाली. “दादाचा. म्हणाला, बाबा गेले. आंघोळीला म्हणून उठले आणि मोरीच्या दाराशीच…”

“मग?”

“मग मी फोटो काढला.”

सरांनी पालथ्या फोटोकडे बोट दाखवलं.

“झालं चौकटीबाहेरचं?”

“झालं.”

तिनं फोटो सुलटा केला. सगळ्यांनी तो मोबाईलवर पाहिलेला होता, कागदावर आज प्रथमच. धुक्यात एक लहानशी होडी. होडीत उभी एक बाई, साडीचा ओचा खोचलेला, दोन्ही हातांत ओलं जाळं. आणि तिची नजर थेट समोर, बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

तीनशे फोटोंमधून पुण्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता तो. जो तो एकच विचारी, ही नजर मिळवलीस कशी? ती काही बोलत नसे. लोकांना तो विनय वाटे.

“उद्यापर्यंत प्रदर्शनवाल्यांना कळवायचंय,” उत्तरा म्हणाली. “मी नाही म्हणणार आहे. माझे वडील गेले, सर, आणि माझं बोट बटणावर गेलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरी पोचेपर्यंत आलं नाही. निघताना बाबांनी विचारलं होतं, जास्तीची बॅटरी घेतलीस का? एवढंच शेवटचं बोलणं आमचं… असल्या हातात कॅमेरा नको. हा तुमच्याकडे ठेवून घ्या.”

तिनं बॅग पुढं सरकवली.

सरांनी बॅगेला हात लावला नाही. त्यांनी चष्मा चढवला, फोटो उचलला आणि पोरांचे पेपर तपासावेत तसा बराच वेळ पाहिला.

“ही बाई काय करत होती?”

“जाळं ओढत होती.”

“जाळं ओढणारी बाई जाळ्याकडे बघते. ही वर बघतेय.”

“हो.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“का?”

“…बघितलं तिनं. नशीब माझं.”

“तिथं फोटोवाले किती येत असतील?”

“हिवाळ्यात? पक्ष्यांसाठी रोजचे पन्नास-शंभर.”

“मग आणखी एका फोटोवालीकडे बघण्यासाठी ती हातातलं काम का सोडेल?”

चार महिन्यांत तिनं हा फोटो नीट पाहिलाच नव्हता. समोर आला की ती नजर फिरवी.

“चौकटीबाहेरचं सांगून झालं म्हणालीस.”

“झालंच आहे.”

“नाही झालं गो.”

मागं इम्तियाज खाकरला. “सर, मी होतो तिथं. हिच्याच होडीत.”

“मग इतका वेळ गप्प का? बटर संपलं नाही अजून?”

दोघंतिघं हसली. इम्तियाज हसला नाही. त्यानं पिशवीतून एक जुनी वही काढली, जानेवारीतलं पान उघडलं आणि चटईवर ठेवलं.

पेननं काढलेलं चित्र होतं. होडीचं टोक, पुढं होडीवाला, त्याच्या अलीकडं उत्तराची पाठ. बारीक, सावकाश रेघा. पण उत्तराच्या खांद्यापाशी एक रेघ सुटली होती. ती सगळं चित्र कापत तिरकी गेली होती आणि पानाच्या कडेवरून बाहेर पडली होती.

“हे काय?” सरांनी विचारलं.

“पेन घसरलं.”

“तुझं?”

“ही ओरडली, सर. ‘बाबा’ म्हणून. मी दचकलो. होडीवाल्याच्या हातातलं वल्हं सुटलं. पाण्यावरचे पाणकावळे सगळे एकदम उठले. त्या बाईनं जाळं तसंच धरून वर बघितलं… आणि तेवढ्यात हिचा कॅमेरा वाजला.”

“मी नाही ओरडले,” उत्तरा म्हणाली.

“ओरडलीस.”

“मला आठवत नाही.”

“होडीवाल्यानं तुला धरून खाली बसवलं. ‘ताई, बसा, होडी कलंडंल’ म्हणाला. हेही आठवत नाही?”

उत्तरानं मान हलवली आणि ती त्याच्याकडे वळली.

“मग चार महिने तोंड का नाही उघडलंस?”

“तुला ठाऊक नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? आपण ओरडलो हे ज्याचं त्याला कळतच असेल ना. आणि असला विषय काढायचा तरी कसा?”

उत्तरानं वही ओढून घेतली. सुटलेल्या रेघेच्या सुरुवातीवर बोट ठेवलं आणि ते पानाच्या कडेपर्यंत नेलं. पुन्हा मागं आणलं, पुन्हा नेलं.

मग तिनं फोटो घेतला. त्या बाईच्या कपाळावर आठी होती. ओठ अर्धवट उघडे होते, ‘काय झालं गं पोरी’ म्हणताना उघडतात तसे.

एक हुंदका आला. आधी उचकीसारखा, मग मोकळा. छातीवर कुणी ठेवलेला पाटा कुणीतरी येऊन उचलून न्यावा, तसे तिचे खांदे खाली आले.

इम्तियाजनं खिशातला रुमाल पुढं केला. “शाई आहे त्याला. तोंडाला लागेल.”

“लागू दे.”

लागलीच. ते पाहून कुणीतरी हसलं, आणि रडता रडता तीही हसली.

पन्ह्याचे पेले आले, ते रिकामे झाले.

“उद्या काय कळवणार?” इम्तियाजनं हळूच विचारलं.

“हो म्हणून कळवते.”

तिनं फोटो पुन्हा चटईवर ठेवला. मग म्हणाली, “सर.”

“हं.”

“तरीसुद्धा… बटण मी दाबलंच ना?”

“दाबलंस.”

त्यांनी आवाज मऊ केला नाही. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि अंगणाकडे पाहत म्हणाले,

“आमची ही गेली, त्या दुपारी मी इथंच बसलो होतो. समोरच्या जांभळीचं चित्र काढत. तिनं आतून हाक मारली. मी म्हटलं, आलो… एवढी एक फांदी होऊ दे.”

उत्तरानं कॅमेऱ्याची बॅग कधी मांडीवर ओढून घेतली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

“मग?” तिनं विचारलं.

…

“ती फांदी अजून काढायची राहिलीय.”