शहाण्णव परत देणारा आरसा

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक सोनार होता. या गोष्टीला फार वर्षं झाली. सोनार हाताचा कुशल आणि मापाचा चोख. सोनं वितळवलं की त्यातलं किंचित राखेत जातं, किंचित मुशीला चिकटतं. त्याला सोनार 'घट' म्हणतात. इतर सोनार ती लपवत. हा गिऱ्हाइकाला आधीच सांगे.

गावची पाटलीण दर दिवाळीला गळ्यातली सरी मोडून नवी घडवायला येई. एकदा सोनार तिला म्हणाला, "पाटलीणबाई, एकदाची घट डोळ्यांना दिसत नाही. पण असंच मोडत राहिलात, तर एक दिवस नुसता दोरा घेऊन याल माझ्याकडे."

"मग तुमचं पोट कसं भरायचं?" पाटलीण हसून म्हणाली, तशी आतून सोनाराची बायकोही हसली.

त्या घरात हसू क्वचितच ऐकू येई. त्यांची एकुलती मुलगी दीड वर्षाची होऊन तापात गेली होती. तिच्या मनगट्या तेवढ्या उरल्या होत्या. एक सोन्याचा मणी, एक काळा, अशा ओवलेल्या. सोन्याचे मणी बापानेच घडवलेले. आई त्या एका लाकडी डबीत ठेवी, आणि एखाद्या दुपारी डबी उघडून नुसती बसून राही.

एके दिवशी गावात एक फेरीवाला आला. त्याच्या झोळीत तळहाताएवढे आरसे होते. प्रत्येक आरशात तीन चक्रं आणि चक्रांवर पोपट, आंबे, कमळं. वर गुंजभर सोनं ठेवलं की ते आरशात विरून जाई आणि चक्रं फिरू लागत. तीन पोपट एका ओळीत आले, तर ठेवल्याच्या कितीतरी पट सोनं बाहेर पडे.

"केवढ्याला?" सोनाराने विचारलं.

"फुकट, शेट. आणि फसवाफसवी नाही. मागं कोरलंय ते वाचून घ्या."

आरशाच्या पाठीवर अक्षरं होती: 'शंभर गुंजा घेतो, शहाण्णव परत देतो.'

शंभरात चार. एवढी घट सोसता येईल, सोनाराने विचार केला. त्यातून नशीब उघडलं तर उघडलं. त्याने आरसा ठेवून घेतला.

घरात एका डब्यात आयुष्यभराची साठवण होती, शंभर गुंजा. पहिल्या दिवशी त्याने ती एकेक गुंज करून आरशावर ठेवली. संध्याकाळी तोललं, तर शहाण्णव. आरसा खरा आहे, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या शहाण्णव गुंजा ठेवल्या.

मग एका दिवशी एकदम चाळीस गुंजा बाहेर पडल्या. सोनाराने सगळ्या आळीला सांगितलं. "आता फुंकणीसुद्धा सोन्याची करा, सोनारदादा," शेजारी म्हणाले. ज्या दिवशी सोनं गेलं, त्या दिवशी तो कोणाकडे गेला नाही. कितीदा तरी दोन पोपट जुळत आणि तिसरा रेषेच्या जरासा वर जाऊन थांबे. थोडक्यात हुकलं, असं सोनार म्हणे. वास्तविक आरशाला थोडक्यात हुकणं आणि पुष्कळ हुकणं यांत फरक नव्हता.

कधी वर, कधी खाली असं होत होत सतराव्या दिवशी काट्यावर पन्नासही भरेनात. बायको जवळ येऊन उभी राहिली.

"अहो, शंभरातले चारच जाणार होते ना?"

"तसं लिहिलंय खरं."

"पण कुठल्या शंभरातले? आपल्या डब्यातल्या, की तुम्ही जितक्यांदा ठेवाल तितक्यांदाच्या?"

सोनार आरशाची काच पुसत राहिला.

"पाटलीणबाईंना काय सांगता तुम्ही? दर मोडणीला घट. मग तेच सोनं तुम्ही रोज मोडताय, त्याचं काय?"

सोनाराला पहिल्या शब्दालाच सगळं कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं. तो म्हणाला, "गेलंय तेवढं परत आलं की बंद करतो."

"आपलं किती गेलंय, ते आरशाला काय ठाऊक?"

दोन-तीन महिन्यांत डबा रिकामा झाला. बायको चार दिवस माहेरी गेली होती. सोनाराने लाकडी डबी काढली. हे मणी आपणच घडवलेत, सोनं परत आलं की हुबेहूब तसेच घडवू, कोणाला कळणारही नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. दोरा कापला, काळे मणी आणि दोरा डबीत परत ठेवले, सोन्याचे मुशीत टाकले आणि फुंकणी तोंडाला लावली. ते सोनं चार दिवससुद्धा पुरलं नाही.

फेरीवाला नदीच्या उताराजवळ भेटला. "बाकीचं राहू दे," सोनार म्हणाला, "त्या मण्यांचं सोनं तेवढं दे."

"ते माझ्याकडे कुठलं, शेट? शंभरातले चार माझे. बाकीचं गावोगावच्या आरशांत ज्याचे पोपट जुळले, त्याच्याकडे गेलं. तुम्हाला एकदा चाळीस गुंजा मिळाल्या होत्या ना? त्या कोणाच्या होत्या, विचारलं होतंत?"

सोनार घरी आला, तेव्हा बायको परतली होती. डबी उघडी होती. तिने भट्टीतली राख काढली, दुकानातली धूळ कोपऱ्याकोपऱ्यातून झाडली आणि सोन्याचे कण शोधणारे झारेकरी धुतात तशी परातीत पाणी घालून धुऊ लागली. तीनदा पाणी ओतल्यावर तळाशी खसखशीहून बारीक असा एक कण चमकला. ओल्या बोटावर टिपून तिने तो काळ्या मण्यांत ठेवला.

"ही तुमच्या भट्टीची घट," ती म्हणाली. "घरातच पडली होती, म्हणून सापडली. बाकीचं कुठली धूळ धुऊन शोधू, सांगा."

दिवाळीला पाटलीण सरी मोडायला आली. या वेळी सोनाराने तिला काहीच समजावलं नाही. डबी उघडून पुढे ठेवली. पाटलिणीने काळे मणी पाहिले, कापलेला दोरा पाहिला, आणि सरी पुन्हा गळ्यात घालून ती आल्या पावली परत गेली.

तात्पर्य: थोडंच घेणाऱ्याच्या हाती तेच पुन्हा पुन्हा दिलं, तर शेवटी नुसता दोरा उरतो.