सातव्या ओळीतली परवानगी

“मग परवानगी दिलेली असताना ती आत का येऊ शकत नाही, एवढंच सांगा.”

प्राचार्य खिल्लारेंनी छापील कागद भंते उपसेनांच्या पुढ्यात ठेवला. खिल्लारेंच्या घरी भोजनदान नुकतंच आटोपलं होतं. भंते हात धुऊन सतरंजीवर बसले होते.

चीवर घेण्याआधी भंते बावीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. हिंगोलीतल्या निम्म्या घरांच्या तारा त्यांच्या हातून गेलेल्या. अजूनही लोक त्यांना धम्माआधी राउटरबद्दल विचारतात. ते दोन्हींबद्दल सारखंच कमी बोलतात.

“ती” म्हणजे प्राचार्यांची मुलगी, उत्पला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून कोचीला बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेलेली. प्राचार्याची मुलगी एक वेळ नापास होऊ शकते. सोडू शकत नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, या घरात पाय ठेवायचा नाही.

यंदा मार्चमध्ये तिच्या आईला, वच्छलाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. एकच शब्द उरला, उत्पला. दिवसभर तोच.

तेव्हा प्राचार्यांनी काय केलं? मुलीला बोलावलं नाही. व्हीपीएन बसवलं. म्हणजे लांबच्या माणसाला इंटरनेटवरून घरातल्या नेटवर्कमध्ये शिरायचा खासगी रस्ता. बाईंच्या खोलीत फिरणारा कॅमेरा लावला. मुलीनं तिकडून आईला बघावं, इकडे येऊ नये, आणि बापाचा शब्दही मोडू नये. मोठ्या माणसांना “चुकलो” म्हणायचं नसलं की ती यंत्र विकत आणतात.

महिना झाला. उत्पला रोज जेवणाच्या सुट्टीत प्रयत्न करायची आणि लिहायची, बाबा, होत नाहीये. बाबा उत्तर द्यायचे, परवानगी दिलेली आहे. जणू ती रजेचा अर्ज घेऊन केबिनबाहेर उभी होती.

भंतेंनी कागद परत सरकवला.

“वाचा, सर. वरून.”

प्राचार्यांनी चष्मा चढवला. राउटरला दिलेले नियम होते ते. परिपत्रक वाचावं तसे वाचू लागले.

“नियम एक. बाहेरून येणाऱ्या कोणालाही प्रवेश नाही.”

भंतेंनी कागद त्यांच्या हातून घेतला. पहिल्या ओळीखाली घडी घातली. नखानं दाबून पक्की केली. बाकीचा कागद मागे गेला.

“अजून सहा आहेत, भंतेजी.”

“राउटरनं एवढंच वाचलं.”

“असं कसं? सातव्या ओळीत स्पष्ट लिहिलंय. उत्पलाला प्रवेश आहे. नावानिशी.”

“असेल... पण तो वरून वाचत येतो. जिथं उत्तर मिळालं, तिथं थांबतो.”

प्राचार्य घडीकडे बघत राहिले. मग कारणं सुरू झाली. सुरक्षितता म्हटली की “नाही” आधी लिहावं लागतं. कॉलेज त्यांनी असंच चालवलं होतं, आधी नकार, मग अर्ज बघून सूट. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणाले. ज्यांचं बिघडलं ती पोरं सांगायला कशाला परत येतील?



आतल्या खोलीतून तो एक शब्द आला.

कारणं थांबली. प्राचार्य उठून संगणकापाशी गेले. सातवी ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली. नकार दुसऱ्या जागी सरकला. मुलीला फोन केला नाही. “आता बघ” एवढंच लिहून पाठवलं.

थोड्या वेळानं पडद्यावर एक ओळ हिरवी झाली. उत्पला. शेजारी आकड्यांत तिचा नेटवर्कवरचा पत्ता.

घरातल्या यंत्रांचे पत्ते प्राचार्यांना पाठ होते. सगळ्यांची सुरुवात एकच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. बाईंचा कॅमेरा बारा. हा संगणक चौदा. आणि उत्पला... पंधरा.

“हे चुकलंय,” प्राचार्य म्हणाले. “ती कोचीत आहे. हा तिला घरातला पत्ता देतोय.”

“ज्याला आत घेतलं, त्याला तो घरातलाच पत्ता देतो.”

“मी बघण्यापुरती परवानगी दिली होती. घरातली कर, असं सांगितलं नव्हतं.”



आत कॅमेऱ्याची मोटर किरकिरली. कोचीत बसलेली मुलगी त्याची मान हळूहळू पलंगाकडे वळवत होती...

मग बाईंचा आवाज. या खेपेला शब्द वेगळा होता.

“आली.”

प्राचार्यांनी दाराकडे पाहिलं नाही. पडद्यावरच्या त्या पंधरावर बोट ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, “भंतेजी, एवढा पत्ता तेवढा बाहेरचा करून द्या.”

भंतेंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

“करतो... तुम्ही तोवर आत जाऊन त्यांना सांगून या, गेली म्हणून.”