समासातली माणसं

"पण बाई, मी जितका जास्त अभ्यास करून शिकवतो, तितकी माणसं कमी होत जातात. हे कसं?"

तबिथाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एक जुडी योएलपुढे सरकवली.

"हात चालू दे. मग बोल."

सोनवडी मिशनच्या आवारातल्या कौलारू घराच्या ओट्यावर सोमवारी सकाळी हे बोलणं चाललं होतं. तबिथाबाई हिवाळे एक्क्याऐंशी वर्षांच्या. एके काळच्या बायबलबाई. म्हणजे खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव पायी जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि जमल्यास वाचायलाही शिकवायचं. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख झाली ती त्यांच्याकडूनच.

योएल पारखे मंडळीचा नवा पाळक. वय सत्तावीस. धर्मशास्त्राच्या परीक्षेत पहिला आलेला. तो हुशार होता यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं, यातही वाद नाही.

बुधवारी सकाळचा शास्त्राभ्यासाचा वर्ग त्याच्याकडे आला तेव्हा हॉल भरलेला असे. दीड वर्षात चारजण उरले. त्यातले एक आजोबा पहिल्या दहा मिनिटांत झोपत, आणि एकजण हॉलची किल्ली त्याच्याकडे असते म्हणून येई. आता कमिटीने ठरवलं होतं की या बुधवारीही हीच गत दिसली तर वर्ग बंद, आणि हॉल शिवणकामाच्या क्लासला द्यायचा.

हा वर्ग बेचाळीस वर्षांपूर्वी बाईंनी सुरू केला होता. तो आपल्या हातून बंद पडणार, हे योएलच्या जिवाला फार लागलं होतं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

त्याने सगळं सांगितलं. त्याने नकाशे लावले होते. पडद्यावर चित्रं दाखवली होती. एका शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये काय आहे, यावर सलग तीन बुधवार घालवले होते. एवढं करूनही लोक यायचे ते येईनातच.

"आणि वेळही वाचवला मी," तो म्हणाला. "पूर्वी प्रत्येकजण पाळीपाळीनं एकेक वचन वाचायचा. अर्धा तास त्यातच जायचा. शिमोनमामा तर एकेका नावाला अडून बसायचे. शेवटी मी म्हटलं, मामा, तुम्ही बसा, मी वाचतो."

बाईंचा हात मेथीवर थांबला.

…

"मग?"

"मग काय, वर्ग वेळेत संपायला लागला."

बाईंनी एक पिवळं पान काढून टाकलं.

"आज सकाळी काय वाचलंस?"

योएल खुलला. त्याने अध्याय सांगितला. तो कुणी लिहिला, कधी लिहिला, त्याबद्दल विद्वानांची दोन मतं कोणती आणि त्यातलं चुकीचं कोणतं, हेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"छान. मग कुठं गेलास?"

"कुठं म्हणजे?"

"वाचून झाल्यावर."

"कुठं नाही. चहा घेतला."

"…असं."

बाईंनी परातीतली मेथी बाजूला केली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली होती. सकाळी शेजारची मुलगी येऊन अध्याय वाचून दाखवी. आज तिचा पेपर होता, म्हणून त्यांचं वाचन राहिलं होतं.

"आतून माझं शास्त्र आण. खूण घातली आहे तिथून वाच."

योएल ते जाडजूड पुस्तक घेऊन आला. कडा झिजलेल्या, पाठ दोऱ्याने शिवलेली. उघडलं तर समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं. पानोपानी. त्याचे डोळे चमकले. बाईंनी साठ वर्षांची टिपणं काढून ठेवली आहेत, ती उतरवून घ्यावीत, असा विचार त्याच्या मनात आला. पाळकांना प्रवचनाची सामग्री दिसली की असं होतं.

पण टिपणं नव्हतीच. ती नावं होती.

गंगूबाई. गंगूबाईची सून. पोस्टमन. पाळकसाहेब, जुने. पाळकसाहेब, त्याच्याही आधीचे. भावाभावांच्या भांडणाच्या गोष्टीशेजारी 'आमची धाकटी, पातेल्यावरून'. नको त्या शहरी जायला लागू नये म्हणून पळालेल्या संदेष्ट्याच्या गोष्टीपाशी एका गावाचं नाव, आणि पुढे 'फार लांब आहे'. बहुतेक नावांवर एक बारीक रेघ मारलेली होती.

"बाई, ही कोण माणसं?"

"वाचताना आठवलेली."

"आणि रेघ?"

"त्यांच्याकडं जाऊन आले."

योएलला कळेना. बाईंनी मग सांगितलं, अगदी मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. रोज एक अध्याय वाचायचा. वाचता वाचता कुणीतरी आठवतंच. ज्याला आपण काही बोललो असू असं, किंवा ज्याच्याकडे जायला हवं होतं आणि गेलो नाही असं. त्याचं नाव तिथेच लिहायचं आणि दिवस मावळायच्या आत जाऊन यायचं.

"आणि कुणीच आठवलं नाही तर?"

"तर वाचलं नाही. परत वाचायचं."

योएल पानं उलटत राहिला. मधेच तो थबकला. मिसर देशावर बेडकांची पीडा आली, त्या अध्यायाशेजारी लिहिलं होतं, 'योएल. भोंगा.'

भोंगा त्यानेच चर्चच्या भिंतीवर लावला होता, बाईंच्या खिडकीकडे तोंड करून.

त्याने घाईघाईने पुढची पानं चाळली. योएल. योएल, प्रवचन चाळीस मिनिटे. प्रीती कशी सोशीक असते ते सांगणाऱ्या अध्यायात तर समास पुरला नव्हता. तिथे योएल पाचदा होता, आणि शेवटचा योएल आडवा लिहिलेला होता. सगळ्यांवर रेघ होती.

"तुम्ही… माझ्याकडे आला होतात. शेंगदाण्याचे लाडू घेऊन. मग कढी घेऊन. मग एकदा उगाचच."

"आले होते."

"मला वाटलं, तुम्हाला माझं प्रवचन आवडलं म्हणून येता."

"आवडलं असतं तर कशाला आले असते?"

बाई इतक्या सरळ म्हणाल्या की योएलला रागवावं की हसावं ते समजेना. मग बाईच हसल्या. दात नसलेलं मोकळं हसू. त्यालाही हसू आलं, पण कान लाल झाले होते.

"वाच आता. माझा अध्याय राहिलाय."

त्याने खूण घातलेलं पान उघडलं. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा कुणी कुणी बांधला, त्यांची यादी होती. कुणी सोनार, कुणी अत्तार. एकजण तर मुलींना घेऊन कामाला आलेला. ज्याने त्याने आपापल्या घरासमोरची भिंत उचललेली.

"बाई, ही नुसती नावं आहेत. पुढचं वाचू का?"

"वाच."

योएलने वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन वचनांत गाडी नीट चालली. तिसऱ्यात जरा हेलकावली. चौथ्यात तो अडला.

"मशे… मशेबेज…"

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चुकला. पहिला आलेला माणूस एका नावाशी झटत राहिला. त्याने वर पाहिलं.

बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मेथीही निवडली नाही. हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या थांबल्या.

…

…

"मशेजबेल," योएल म्हणाला.

बाईंनी मान हलवली. पुढे वाच, एवढाच त्याचा अर्थ.

पण तो पुढे वाचू शकला नाही. त्या नावाच्या शेजारी समासात लिहिलं होतं, 'शिमोन. आज न अडता.' तारीख पस्तीस वर्षांपूर्वीची.

शिमोनमामा गवंडी होते. चाळिशीला आले तरी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि लाजेने ते वर्गाच्या वेळी बाहेर खिडकीशी उभे राहत. बाईंनी त्यांना आत आणलं. पहिला धडा म्हणून सोपी स्तोत्रं दिली, तर त्यांना ती नकोत. त्यांना हीच यादी हवी होती.

"मला म्हणाला, राजांची नावं समदीकडं असत्यात बाई. हितं गवंड्यांची हायेत." बाईंनी परात जवळ ओढली. "आठ महिने लागले त्याला. आम्ही सगळे बसून राहायचो. तो सुटेपर्यंत."

आपण काय करून बसलो, ते त्याला आता दिसलं, आणि स्वतःची फार लाज वाटली. शिमोनमामा त्यानंतर एकदाही वर्गाला आले नव्हते. ते आले नाहीत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तो उठला.

"पेन्सिल आहे का?"

"आधी जाऊन ये."

मेथी तशीच टाकून तो गेला.

शिमोनमामा आवारापलीकडे एका घराच्या कुंपणाची भिंत बांधत होते. पंच्याहत्तरी आली तरी हातातली थापी सुटली नव्हती. योएल समोर उभा राहिला. येताना त्याने चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मामा, मी तुम्हाला बसा म्हटलं. सगळ्यांसमोर. चुकलं माझं."

मामांनी ओळंबा सोडून भिंत पाहिली.

"माल द्या, साहेब."

योएलने इकडेतिकडे पाहिलं. मग बाह्या सारल्या, घमेलं उचललं आणि कालवलेल्या सिमेंटचा माल दिला. मग विटा दिल्या. तीन थर होईपर्यंत दोघांत तेवढंच बोलणं झालं. पांढरा सदरा पार गेला. चौथ्या थराला त्याने सांगून टाकलं की आज आपण स्वतः त्या कोटाच्या यादीत अडलो.

"कंच्या नावाला?"

"मशेजबेल."

मामांनी भिंतीवरून नजर न काढता म्हटलं, "मशुल्लाम. बरेख्याचा ल्योक, मशेजबेलचा नातू. अवघडच हाय ते."

आणि मग गालातल्या गालात हसले. योएलही हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. तोंडाला सिमेंट लागलं.

"बाकीचे का येईनात, मामा? तुमच्यामुळे?"

"छ्या. माझ्यासाटी कोण कशाला रुसतंय. उद्या आपल्यावर पाळी यील म्हून भ्याली."

योएलने विचारलं की बुधवारी मामा ती यादी वाचतील का.

"अन् तुम्ही?"

"मी ऐकीन."

मामांनी वीट ठोकून बसवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मात्र मंगळवारी दिवसभर थापी घरी ठेवून ते वस्तीत दारोदार फिरताना दिसले.

बुधवारी कमिटीचे सेक्रेटरी रिकामा हॉल बघायला म्हणून आले. त्यांना दाराशी चपलांमध्ये जागा मिळाली.

योएल सतरंजीवर सगळ्यांत बसला होता. शिमोनमामा उभे राहून वाचत होते. वयामुळे नजर आता पहिल्यासारखी नव्हती, मशेजबेलपाशी ते अडलेच. हॉल थांबला. कुणी खोकलंसुद्धा नाही. झोपणारे आजोबा टक्क जागे होते. मामा सुटले, आणि सगळ्यांनी मिळून श्वास सोडला. मग पाळीपाळीने वाचन झालं. आयुष्यात कधी चारचौघांत न वाचलेली एक सासू उठली आणि तिने दोन वचनं वाचली. तिच्या सुनेने बोटाने ओळ दाखवली. वर्ग संपल्यावरही लोक हलेनात. एका नावाबद्दल ग्रीकमध्ये काय म्हटलंय ते सांगायला योएलने एकदा तोंड उघडलं होतं. मग ती यादी मुळात ग्रीकमध्ये नाहीच, हिब्रूत आहे, हे आठवून मिटलं.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सांगितलं की शिवणकामाचा क्लास दुपारीही चालेल.

योएल धावतच बाईंच्या ओट्यावर आला. आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. सगळं एका दमात सांगून झाल्यावर तो बाईंच्या पायांशी बसला.

"बाई, एवढी वर्षं शिकलो, पण शास्त्र मला आज कळलं. खरंच सांगतो, आज पूर्ण कळलं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

…

मग मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"होतं असं कधीकधी. उद्या सकाळी परत वाच, उतरेल."