ठिपकेवाला शेवंडा आणि पट्टेवाला शेवंडा

एका खाडीच्या तोंडाशी, पाण्याखालच्या खडकात एका शेवंड्याचे बिऱ्हाड होते. शेवंडा तुम्ही पाहिला नसेल, तर एखाद्या भल्या मोठ्या, काटेरी कोळंबीची कल्पना करा. खेकड्यासारख्या नांग्या त्याला नसतात. पाठभर काटे आणि अंगाहून लांब दोन मिशा, एवढीच त्याची शस्त्रे. या शेवंड्याच्या शेपटीवर बारीक पांढरे ठिपके होते आणि त्यांचा त्याला भारी अभिमान होता. त्याची कपार चांगली ऐसपैस होती, पण तो तिच्यात एकटाच राहत असे.

एके दिवशी खाडीतल्या गाळातून दुसरा एक शेवंडा थकूनभागून तिथे आला. त्याच्या शेपटीवर ठिपक्यांऐवजी आडवे पांढरे पट्टे होते. "दादा, जाळ्यांनी आमचा सगळा तळ खरवडून काढला," तो म्हणाला. "कोपऱ्यात थोडी जागा द्याल का?" लांबून पाहणाऱ्याला ते दोघे सख्खे भाऊच वाटले असते, पण ठिपकेवाल्याने त्याला मिशीपासून शेपटीपर्यंत न्याहाळले आणि म्हटले, "मला ठिपके, तुला पट्टे. माझ्या पायांवर रेघा, तुझ्या पायांवर डाग. मी लाटांत वाढलो, तू चिखलात. आपलं जमायचं नाही." पट्टेवाला रागावला नाही. "बरं," एवढेच म्हणून त्याने बाहेरच एका दगडाच्या आडोशाला अंग टेकले.

पुढे आठवडाभरात ठिपकेवाल्याची कवच टाकायची वेळ आली. अंग वाढले की शेवंड्याचे जुने कवच उकलते, आणि नवे टणक होईपर्यंत तो अगदी लोण्यासारखा मऊ असतो. काटेसुद्धा वाकतात. तो नेमका तसा पडून असताना कपारीच्या तोंडातून एक लांब, चिकट हात सरपटत आत आला. ऑक्टोपस! ठिपकेवाला मागच्या भिंतीला चिकटला. हाक मारावी, तर कुणाला? त्या हाताचे टोक त्याच्या पाठीला लागले, आणि त्याच क्षणी कर्रकर्र असा आवाज घुमला. पट्टेवाला मिशा घासत धावून आला होता. कपारीच्या तोंडात घुसून त्याने वाट बुजवली आणि काटे रोखून तो उभा राहिला. ऑक्टोपसने त्याला ओढले, पिरगाळले, त्याचा एक पाय तोडला. पण तो जागचा हलला नाही. शेवटी काट्यांनी बेजार होऊन ऑक्टोपस निघून गेला.

"तुझा पाय गेला रे," ठिपकेवाला कसाबसा म्हणाला.

"फुटेल पुन्हा. दोनदा कवच टाकलं की नवा येतो."

"मी तुला जागा दिली नाही. तरी का आलास?"

पट्टेवाल्याला या प्रश्नाचेच नवल वाटले. "आमच्या चिखलात कपारी कुठल्या, दादा? तिथे ज्याचं अंग मऊ असेल, त्याच्याभोवती आम्ही उभे राहतो. लहानपणापासून तेच शिकलो."

दुखऱ्या अंगाने ठिपकेवाला हळूहळू एका बाजूला सरकला आणि म्हणाला, "आत ये. इथे, भिंतीकडे बस. तुझी जखम भरेपर्यंत दाराशी मी बसतो."

"अहो, आधी तुमचं कवच तरी टणक होऊ द्या!" पट्टेवाला हसून म्हणाला, आणि आत आला.

तात्पर्य : जो दुसऱ्याचे वेगळेपण मोजत बसतो, त्याला स्वतःवर वेळ येईपर्यंत त्या दुसऱ्याचा चांगुलपणा दिसत नाही.