साकवावरची उडी

खूप खूप वर्षांपूर्वी, प्राणी एकमेकांवर रीतसर खटले भरायचे, तेव्हाची ही गोष्ट.

एका जंगलात टिटवी वकिली करायची. अंगाने चिमूटभर, पण आवाज डोंगरापलीकडे जाणारा. दुसऱ्याच्या चुकीने ज्याला दुखापत झाली, त्याची बाजू ती मांडायची.

एके सकाळी सशीण लंगडत तिच्याकडे आली. "टिटवीताई, पाय मोडलाय. ओढ्यापलीकडून चारा आणता येत नाही. पिलं कालपासून उपाशी आहेत."

"पडलीस कुठे?"

सशीण लाजली. "अस्वलदादांच्या साकवावर. चूक माझीच हो, घाईत होते."

ओढ्यावरचा तो लाकडी साकव अस्वलदादांनी बांधला होता. "माझ्या साकवावरून पडेल तो धांदरट," असं ते येता-जाता ऐकवायचे. आता स्वतःला धांदरट म्हणवून घ्यायला कोण पुढे येणार?

न्याय करणाऱ्या हत्तीणआजीकडे टिटवी तडक गेली. आजीने बोलावून घेतल्यावर अस्वलदादा म्हणाले, "सगळं जंगल त्यावरून ये-जा करतं. पडली ही एकटीच."

"एकटीच पडली असेल, तर दोष साकवाचा कसा म्हणू?" आजी म्हणाली. "आणखी कुणी असेल तर घेऊन ये."

टिटवी दारोदार फिरली. साळिंदराचा खांदा सुजला होता. "झोपेत कूस बदलताना लागलं," ते म्हणालं. सांबर म्हणालं, "मी तर जन्मापासूनच लंगडतो." त्याला परवाच धावताना पाहिलेली टिटवी गालातल्या गालात हसली.

शेवटी ती घोरपडीकडे गेली. घोरपडीच्या पकडीचं जंगलात केवढं कौतुक! पण आज तिची हनुवटी फुटलेली होती. टिटवीने फक्त सशिणीच्या उपाशी पिलांची गोष्ट सांगितली.

घोरपड बिळातून पुरती बाहेर आली. मग म्हणाली, "मधला ओंडका फिरतो. त्यावरून मीही पडले. तेव्हाच बोलले असते, तर बिचारी सशीण वाचली असती. चल, मी येते."

घोरपडच पडली म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज? कालपर्यंत लपवलेली दुखणी सगळे मिरवत निघाले. साकवापाशी हत्तीणआजीसमोर लंगडणाऱ्यांची ही भलीमोठी रांग लागली.

"सगळेच धांदरट," अस्वलदादा गुरगुरले.

"असतील," टिटवी म्हणाली. "तुम्ही एकदा चालून दाखवा, दादा. अगदी रोज चालता तसं."

अस्वलदादा छाती काढून निघाले. मधला ओंडका आला, तशी त्यांनी टुणकन त्यावरून उडी मारली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेले. सगळं जंगल खो खो हसायला लागलं.

"उडी का मारलीस रे?" आजीने विचारलं.

"सवयच आहे, आजी," अस्वलदादा बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

संध्याकाळच्या आत नवा ओंडका बसला. सशिणीचा पाय बरा होईपर्यंत चारा अस्वलदादांनीच पोचवायचा, असा निकाल लागला. पिलं रोज पोटभर खायची आणि मग ती उडी पुन्हा मारून दाखवायला लावायची. कुरकुरत का होईना, ते मारायचे.

तेव्हापासून कुणीही दुखापत घेऊन आलं, की टिटवी आधी विचारायची, "आणखी कोण कोण पडलंय?"

तात्पर्य : जो आपलं पडणं लपवतो, तो मागून येणाऱ्यालाही पाडतो.