हरायला पाठवलेली शिष्या

एकदा जपानमधल्या एका डोंगराळ गावात एक वृद्ध गुरू जुजुत्सू ही शस्त्राविना झुंजण्याची विद्या शिकवीत. गावात आखाडे तीन. एकात प्रतिस्पर्ध्याला फेकायला शिकवत, दुसऱ्यात सांधे पिळून जखडायला आणि गुरूंच्या आखाड्यात पकडीतून निसटायला. गावप्रमुखाने वसंतात तिन्ही आखाड्यांची झुंज ठरवली होती. जिंकेल तोच आखाडा राहणार, बाकीचे दोन बंद होणार.

गुरूंच्या वतीने किनू लढणार होती. पोरगी विशीतली, तापट. "त्यांचे डाव बघून येते," म्हणून ती पहिल्या आखाड्यात गेली आणि ताठ मानेने परतली. "गुरुजी, एकालाही मला फेकता आलं नाही!"

"म्हणजे रिकाम्या हातांनी आलीस. पुन्हा जा. दोन्हीकडे जा आणि हरून ये."

किनू भडकली. "झुंज तोंडावर आलीय! डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"डोकं आहे. गुडघे गेलेत. नाहीतर मीच गेलो असतो."

दातओठ खात ती गेली. एका आखाड्यात आपटली गेली, दुसऱ्यात मनगट पिळवटून घेतलं. "काय गं, त्या दिवशीचा तोरा कुठे गेला?" पोरं खिदळायची. पण हट्टाला पेटलेली किनू बर्फ वितळेपर्यंत रोज जात राहिली. गुरू तिचा सुजलेला खांदा शेकून देत. ती त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे.

एके दिवशी गुरूंसमोर सरावात जोडीदाराने तिला मागून आवळलं. ती सवयीने निसटली, पण या वेळी तिची कंबर आपोआप त्याच्याखाली गेली. तो भुईवर आदळला, तेव्हा त्याचं मनगट तिच्या मुठीत अडकलेलं होतं. हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

गुरू म्हणाले, "बघायला आलेल्यापासून प्रत्येक आखाडा आपला डाव लपवतो. पण ज्याला फेकायचं, त्याच्यापासून तो कसा लपवणार? तोल कुठे सुटला, सांधा कुठे अडला, हे हरणाऱ्याच्या अंगाला कळतं. तू जिंकलीस, तेव्हा त्यांचा डाव पुरा होऊच दिला नाहीस."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर सावध राहून पडली असतीस. पडणंही अर्धवट, शिकणंही अर्धवट."

त्या दिवशी प्रथमच किनूने त्यांना वाकून नमस्कार केला.

झुंज तिने जिंकली. गावप्रमुख उरलेले दोन आखाडे बंद करायला निघाला, तेव्हा ती आडवी आली. "तिथे माझे गुरू आहेत," ती म्हणाली. "ते गेले तर मी शिकवू काय?"

पुढे तिन्ही आखाड्यांची मिळून एकच विद्या झाली. त्या विद्येचा पहिला धडा आजही पडण्याचाच असतो.